एक्केचाळिसाव्या दिवसाची रेघ

१

आईच्या आलेखातली रेघ सरळ होती.

सभागृहात पन्नासेक माणसं बसली होती आणि त्यांतल्या एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आईला जाऊन सहा आठवडे झाले होते. तिच्या संस्थेने शोकसभा ठेवली होती. फोटोला हार घातला गेला, दोन मिनिटं उभं राहून झालं, आणि मग संचालकांनी 'बाईंचं शेवटचं काम' म्हणून आईच्याच स्लाइड पडद्यावर दाखवायला घेतल्या. तिसाव्या स्लाइडपाशी ते थांबले.

"हा बघा. नव्वद दिवस! मातीचा साधा घडा नव्वद दिवस पाण्यातलं आर्सेनिक अडवून धरतो."

आडव्या रेघेवर एक ते नव्वद दिवस, उभ्या रेघेवर गाळलेल्या पाण्यात उरलेलं विष. मध्ये लाल रेघ, तिच्यावर गेलं की पाणी धोक्याचं. आणि आईची निळी रेघ त्या लाल रेघेखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत पाय पसरून झोपली होती.

तिसऱ्या रांगेत बसलेल्या लेकीच्या हातातला रुमाल खाली पडला.

कारण हीच स्लाइड तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाहिली होती. आई दवाखान्यात जायच्या चार दिवस आधी. लॅपटॉप डब्याला टेकवलेला, आई उभी, समोर श्रोते म्हणून बाबा आणि ती. "चाळीस दिवस कशी शहाण्यासारखी चालते," आई म्हणाली होती, "आणि आता बघा हं." एक्केचाळिसाव्या दिवशी निळ्या रेघेने लाल रेघ ओलांडली होती आणि नव्वदपर्यंत चढतच गेली होती.

ही लेक शाळेची पुस्तकं छापणाऱ्या छापखान्यात कामाला होती. शास्त्रज्ञ लेखक आपले आलेख स्लाइडमध्ये चिकटवून पाठवत. कोणी वाकडे, कोणी धुरकट, कोणी एकावर एक. ते तिथून सोडवायचे, त्यांचे मूळ आकडे शोधायचे आणि छापता येतील असे करून द्यायचे, हे तिचं काम. म्हणून छापखान्यात सगळे तिला 'सोडवणकर' म्हणत. खरं आडनाव कोणाच्या लक्षातही नव्हतं. आपणही तिला सोडवणकरच म्हणू.

टाळ्या वाजल्या. संचालक हात वर करून म्हणाले, "आज पाच वाजता मी शिफारशीवर सही करतोय. एकशेचाळीस गावांत हे घडे जातील. घड्यातली माती नव्वद दिवसांनी बदला, असं प्रत्येक घड्यावर छापलेलं असेल. आणि त्याखाली बाईंचं नाव!"

पुन्हा टाळ्या. सोडवणकरने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजायला दहा कमी होते.

२

"ताई, तुमची मनःस्थिती मी समजू शकतो," संचालक म्हणाले. माणूस उंचापुरा, आवाज मऊ. समोरच्याला खुर्ची देऊन स्वतः उभं राहायची त्यांना सवय होती.

"माझी मनःस्थिती ठीक आहे, साहेब. आलेख ठीक नाही."

"तुम्ही एकदा पाहिलात तो. तोही घरी, जेवणाच्या टेबलावर."

"रेघ वर जाते की आडवी, हे कळायला एकदा पुरतं."

संचालक खिडकीपाशी गेले. "फाइल तुमच्या आईच्या कॉम्प्युटरवरून घेतली. फाइलवर कर्त्याचं नाव तुमच्या आईचं. मी फक्त पहिल्या स्लाइडवर त्यांचा फोटो घातला, मागच्या आठवड्यात."

"म्हणजे शेवटचं जतन केल्याची तारीख तुमची."

"म्हणजे संशय माझ्यावर?" ते हसले, मग हसू आवरून म्हणाले, "बरं, धरून चालू की आलेख खोटा आहे. मूळ आकडे कुठेत? बाईंच्या कॉम्प्युटरवर त्या प्रयोगाचा फोल्डर रिकामा आहे. मी स्वतः पाहिलंय. मग उद्या लोक काय म्हणतील? आजारी बाई, शेवटचं काम, निकाल मनासारखा आला नाही. स्वतःच रेघ सरळ केली आणि आकडे पुसून टाकले. तुम्हाला हे ऐकायचंय?"

गप्प बसावं, तर आईच्या नावाखाली एकशेचाळीस गावं पन्नास-पन्नास दिवस विष पिणार. बोलावं, तर आईच खोटी ठरणार.

"मला फाइलची प्रत द्या," ती म्हणाली, "आणि आईच्या खोलीची किल्ली."

"प्रत घ्या. किल्ली मावशींकडे असते. पण पाच म्हणजे पाच. मंत्रालयाची माणसं येणार आहेत."

"सव्वापाच चालेल?"

"ताई."

"बरं, पाच."

३

मावशी म्हणजे सख्खी मावशी नव्हे. बावीस वर्षं आईच्या शेजारच्या खोलीत पाण्याच्या बाटल्या यंत्राला लावणारी, आईचा अर्धा डबा खाणारी आणि स्वतःचा अर्धा तिला देणारी बाई. सोडवणकरच्या दहावीच्या निकालाला आईआधी तीच रडली होती.

"किल्ली कशाला गं? पसारा आवरायचाय?" मावशीने विचारलं. यंत्र घुमत होतं. तिने पांढऱ्या कोटाच्या खिशातून किल्ली काढली, पण हातातच ठेवली.

"मावशी, तो आलेख खोटा आहे."

मावशीने यंत्राचं झाकण उघडलं, आत काही नव्हतं, बंद केलं. "असं कसं असेल?"

"बाटल्या तूच लावायचीस. चाळीसच्या पुढे आकडे कसे होते?"

"अगं, आकडे सरळ तिच्या कॉम्प्युटरवर जायचे. मी बाटल्या लावायची. नव्वद दिवस लावल्या, ऊन नाही बघितलं, ताप नाही बघितला. यंत्राचा दिवा गेला ते दोन दिवस सोडले तर एक खाडा नाही."

"दिवा कधी गेला?"

"सत्तावन्न-अठ्ठावन्नला. आईने शिव्या घातल्या यंत्राला, एवढंच. मी बाटल्या तिच्या टेबलावर ठेवल्या आणि घरी गेले. दोन दिवस झोप काढली." मावशी किंचित हसली. "स्लाइडबिड मला विचारू नकोस. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

आईची खोली बंद राहून कोंदटली होती. चष्म्याचं घर टेबलावर, खुर्चीच्या पाठीवर शाल. पासवर्डची चिठ्ठी नेहमीसारखी पडद्याच्या कडेला चिकटवलेली. जगजाहीर. सोडवणकरने शालीकडे पाहिलं नाही. खुर्चीत बसली आणि फाइल उघडली.

तिसावी स्लाइड. आलेखावर एकदा टिचकी मारली.

चौकट आली. नुसती चौकट!

आईच्या हाताला एक वळण होतं, आणि ते लेकीनेच लावलं होतं. आलेखाचं चित्र चिकटवायचं नाही. जिवंत आलेख चिकटवायचा, म्हणजे त्याच्या पोटात आकड्यांचा सगळा तक्ता बरोबर येतो. बाकीच्या दहाही आलेखांवर टिचकी मारली की तक्ता उघडत होता. तिसाव्या स्लाइडवर मात्र मेलेलं चित्र होतं.

म्हणजे हे आईचं नव्हतं. पण हे तिला पटून काय उपयोग?

तिने चित्राच्या कडा निरखल्या. उजवीकडची कड एका केसाने जास्तच आत कापलेली होती. चित्र कातरलं की कातरलेला भाग गेला, असं लोकांना वाटतं. तो जात नाही. पडद्याआड उभा राहतो; कोणी हाक मारली की बाहेर येतो.

तिने हाक मारली. कातरलेल्या कडा एकेक करून मागे ओढल्या.

आलेखाच्या चहूबाजूंनी अख्खा पडदा उलगडला. ज्या कोणी आलेख रचला होता, त्याने संपूर्ण पडद्याचा स्क्रीनशॉट घेतला होता आणि मधला तुकडा ठेवून बाकीचा झाकला होता. पडदा ह्याच खोलीतला, ह्याच कॉम्प्युटरचा. मागे आईने लावलेलं डोंगराचं चित्र. डावीकडे आकड्यांचा एक रकाना. वरच्या कोपऱ्यात अर्धवट उघडं पत्र. आणि खाली उजवीकडे, इवल्या अक्षरांत, घड्याळ.

दहा वाजून बारा मिनिटं. चौदा तारीख.

आईला नऊ तारखेला अतिदक्षता विभागात नेलं होतं. चौदाला तिला डोळेही उघडता येत नव्हते. सोळाला ती गेली.

सोडवणकर उभी राहिली, पुन्हा बसली. "तू नाहीस," ती मोठ्याने म्हणाली. "आई, तू नाहीस!"

मग तिने ते अर्धवट उघडं पत्र मोठं करून वाचलं. 'चाळीसच्या पुढचे आकडे कधी? आता धीर नाही. पाठवले नाहीत तर मी माझ्या मनाने लावून मोकळा होईन.'

खाली सही होती आकडेमास्तरांची.

४

आकडेमास्तर संस्थेचे संख्याशास्त्रज्ञ. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण त्यांना घरी जायला सांगायची कोणाची छाती नव्हती. दोन जिन्यांखालच्या खोलीत ते शर्टाची बटणं उघडी टाकून पंख्याखाली बसले होते.

"ये! शोकसभेला आलो नाही म्हणून भांडायला आलीस ना? मला भाषणं सोसत नाहीत."

"मास्तर, हे पत्र तुमचं?"

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून कागद नाकाला लावला. "माझंच. मग? तुझ्या आईला मी असली पत्रं आठवड्याला दोन पाठवायचो. ती मला याहून वाईट पाठवायची. एकदा 'खडूस म्हातारा' असा विषय घालून."

"तुम्ही लिहिलंय, मनाने लावीन म्हणून. आणि कोणीतरी लावलेत."

मास्तरांचा चेहरा एकदम बदलला. तिने कागदावर छापून आणलेला रकाना त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी पेन्सिल घेतली आणि पुटपुटत खाली-खाली गेले. मग पेन्सिल आपटली.

"हे मी केलं असं तुला वाटलं? हे?" ते उभे राहिले. "अगं, मारायचंच तर मला काठीने मार! हे बघ. एक्केचाळिसाव्या दिवसापासून पुढे काय आहे? एक ते चाळीसचे आकडे परत उचलून ठेवलेत, शेवटच्या घरात एक-दोन कमी-जास्त करून. आळशी पोरं गृहपाठ उतरवतात तसं. मी खोटं लावलं असतं ना, तर तुझ्या आईलाही सापडलं नसतं."

"ही काय सफाई झाली, मास्तर?"

"सफाई नाही, अभिमान आहे." ते धपकन बसले. "आणि हे काय? मध्ये दोन घरं रिकामी?"

सोडवणकर वाकली. मगाशी घाईत तिने तिकडे पाहिलंच नव्हतं. छप्पन्न, मग दोन कोरी घरं, मग एकोणसाठ.

"सत्तावन्न आणि अठ्ठावन्न," मास्तर म्हणाले. "खोटेच लावायचे तर ही का सोडली? यंत्र बंद होतं की काय?"

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"मला कोण सांगतंय! चाळीसपर्यंतचे सलग आकडे मिळाले, पुढचे मागितले तर तुझी आई म्हणाली, थांबा, आधी मी नीट बघते. खाडे, दिवे, बाटल्या, त्या वरच्या मजल्यावरच्या गोष्टी. मी तळघरातला माणूस."

सोडवणकरच्या मनात एक विचार आला होता आणि तो तिला मुळीच नको होता.

"थांबा," ती म्हणाली. "असंही असेल की आईच्या खऱ्या तक्त्यातच ती घरं रिकामी होती. ज्याने आकडे बदलले त्याने भरलेली घरं बदलली, रिकामी तशीच ठेवली. मग तो कोणीही असू शकतो. साहेबही."

"मग खरा तक्ता दाखव," मास्तर म्हणाले.

"तोच तर पुसलाय."

घड्याळात तीन वाजून गेले होते.

५

स्लाइडची फाइल म्हणजे बाहेरून पुस्तक दिसते, आतून ते कपाट असतं. एका कप्प्यात चित्रं, एकात मजकूर, आणि एका कप्प्यात जिवंत आलेखांच्या पोटातले तक्ते, ओळीने लावलेले. सोडवणकर रोज अशी दहा कपाटं उघडायची.

तक्ते मोजले. अकरा.

पुन्हा मोजले. अकराच.

जिवंत आलेख दहा होते. तिसाव्या स्लाइडवरचं तर चित्र. मग अकरावा तक्ता कोणाचा?

तिने पहिल्या स्लाइडपासून सुरुवात केली. प्रत्येक रेघेवर, प्रत्येक ठिपक्यावर टिचकी. पस्तीस स्लाइड झाल्या. छत्तिसावी राहिली, 'आभार'. वर मावशीचं नाव, मास्तरांचं, बाबांचं, तिचं स्वतःचं. खाली कोपऱ्यात तिकिटाएवढी एक नक्षी, आईने शोभेला काढलेली असावी अशी. निळसर, शेवटी वर गेलेली.

नक्षीवर टिचकी मारली.

तक्ता उघडला.

आईने तिसाव्या स्लाइडवरचा आलेख उचलून, लहान करून, शेवटच्या स्लाइडवर शोभेसाठी ठेवला होता. आणि तिकिटाएवढा झाला तरी तो जिवंत होता. अख्खे नव्वद दिवस त्याच्या पोटात होते. चाळीसपर्यंत शहाणे आकडे. एक्केचाळीसपासून चढ, चढ, चढ.

सोडवणकरने दोन्ही हात तोंडावर धरले. हसू येत होतं की रडू, तिचं तिला कळेना. ती तशीच सत्तावन्नाव्या ओळीवर गेली.

तिथे आकडा होता. अठ्ठावन्नलाही होता. आणि बाजूच्या घरात आईची टीप: 'आपल्या यंत्राचा दिवा गेला. बाटल्या विद्यापीठात नेऊन तपासून आणल्या. शिपाई सुटीवर, म्हणून रिक्षाने मीच.'

म्हणजे खऱ्या तक्त्यात ती घरं भरलेली होती. ज्याने खोटा रकाना रचला, त्याने खऱ्यावरून तो रचलाच नव्हता. त्याने चाळीसच्या पुढचे खरे आकडे पुसले आणि कोऱ्या घरांत मागचेच आकडे उतरवले. भरताना सत्तावन्नाशी त्याचा हात थांबला, कारण त्या दिवशी यंत्र बंद होतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बाटल्या रिक्षाने विद्यापीठात गेल्या, हे मात्र ठाऊक नव्हतं.

खोटं लिहितानाही त्या हाताला खाडा भरवला नाही.

सोडवणकर खुर्चीत मागे टेकली. पाठीला शाल लागली. हा हात तिने बावीस वर्षं पाहिला होता.

६

पावणेपाचला संचालकांच्या खोलीत चार माणसं होती. शिफारशीचा कागद टेबलावर, त्यावर पेन. मास्तरांनी बटणं लावली होती. मावशी दाराजवळच्या खुर्चीवर टेकली होती. कोट अजून अंगात होता.

सोडवणकरने तिकिटाएवढा आलेख मोठा करून पडद्यावर घेतला, खाली त्याचा तक्ता. निळी रेघ लाल रेघ ओलांडून वर गेली.

"हे आईचे खरे आकडे. फाइलमध्येच होते, आभाराच्या स्लाइडवर. खोटा आलेख चौदा तारखेला सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी रचला गेला, आईच्या कॉम्प्युटरवर. तेव्हा आई अतिदक्षता विभागात होती."

संचालकांचा चेहरा उतरला. "मग कोणी..."

"तुम्ही नाही, साहेब. त्या वेळी तुम्ही दवाखान्यात आमच्याबरोबर होतात. फुलं आत नेऊ देईनात, म्हणून अर्धा तास गुच्छ धरून उभे होतात."

"हो. पिवळी फुलं," संचालक नकळत म्हणाले.

"मास्तर नाहीत, कारण त्यांना यंत्राचा दिवा गेलेला माहीत नव्हता. आणि हे त्यांच्या हातून इतकं वाईट झालं नसतं."

"आभारी आहे," मास्तर म्हणाले.

"खोट्या रकान्यात सत्तावन्न आणि अठ्ठावन्न कोरे आहेत. आईच्या खऱ्या तक्त्यात ते भरलेले आहेत." तिचा आवाज आता अगदी हळू झाला. "मावशी, त्या बाटल्या आईने विद्यापीठात नेल्या होत्या. तू घरी झोपली होतीस ना."

मावशी आपल्या हातांकडे बघत होती.

"रिक्षाने?" तिने विचारलं. "त्या गुडघ्यांनी?"

"मावशी, का?"

"अडतिसाव्या दिवशी संध्याकाळी मी घडे भरायचे विसरले. घड्यातली माती ओली राहायला हवी, एकदा सुकली की संपलं, हे तुझी आई मला शंभरदा सांगायची. सकाळी येऊन बघते तर तिन्ही कोरडे ठाक. मी गुपचूप पाणी ओतलं. कोणाला सांगितलं नाही. आणि दोनच दिवसांत आकडे चढायला लागले. चढतायत, चढतायत. तुझी आई म्हणायची, बघ, माती थकली. आणि मला कळत होतं, माती नाही थकली, मी सुकवली."

"आईला सांगायचं होतंस."

"रोज ठरवायची. मग ती दवाखान्यात गेली. तिचं शेवटचं काम गं, आणि माझ्या एका विसरण्याने त्याचा चुराडा. मला वाटलं, मी विसरले नसते तर रेघ जशी गेली असती, तशी काढून द्यावी. एवढंच. मी खोटं नव्हते करत, पोरी. मी दुरुस्त करत होते."

संचालक काहीतरी बोलणार होते. सोडवणकरने हात वर करून त्यांना थांबवलं. तिचे डोळे पडद्यावरच्या तक्त्यावर खिळले होते. दुपारी ती फक्त ओळी वाचत खाली गेली होती, रकाने नीट पाहिलेच नव्हते. घडा एक. घडा दोन. घडा तीन. निळी रेघ या तिघांची सरासरी. आणि चौथा रकाना, डोक्यावर एकच शब्द: 'घर'.

"एक मिनिट," ती म्हणाली. "एकच मिनिट!" तिने फोन काढला आणि मोठ्या आवाजावर टाकून टेबलावर ठेवला.

"बोल," बाबांचा आवाज आला. तीस वर्षं शाळेत कवायत घेतलेला माणूस. फोनवरही सावधानमध्ये उभा असावा असं वाटे.

"बाबा, मागच्या गॅलरीत आईने घडा ठेवला होता ना? लाल अक्षरांत 'पिऊ नका' लिहिलेले कॅन..."

"ठेवला होता. गावातल्या पंपाचं पाणी. सकाळी सहाला एक कॅन, संध्याकाळी सहाला एक. नव्वद दिवस. मीच ओतायचो. बाटलीत नमुना भरून, तारीख घालून तिच्या पिशवीत. तपासायची ती स्वतःच."

"कधी चुकलं? एखादी संध्याकाळ? अडतिसावा दिवस, त्याच्या आसपास?"

दुखावलेल्या आवाजात बाबा म्हणाले, "तुझ्या आईने दिलेलं काम होतं ते. मी चुकवीन?"

"नाही, बाबा. ठेवते."

तिने चौथा रकाना निवडला आणि त्याचा आलेख काढला. चौघंही पडद्याकडे सरकले. मास्तर तर इतके, की त्यांच्या डोक्याची सावली पडली. 'घर'ची रेघ चाळीसपर्यंत शहाण्यासारखी चालली. एक्केचाळिसाव्या दिवशी तिने लाल रेघ ओलांडली आणि निळ्या रेघेबरोबर वर गेली.

"बघ!" सोडवणकर जवळजवळ ओरडली. "मावशी, बघ! हा घडा एकदाही सुकला नाही. तरी तसाच! तुझ्या विसरण्याने काही झालं नाही. आई बरोबर होती. माती थकली."

मास्तरांनी नाक पडद्याला लावून चारही रकाने तपासले. "तिळमात्र फरक नाही," ते म्हणाले. "बाई, तुम्ही निर्दोष आहात. म्हणजे, त्या बाबतीत."

मावशी पडद्याकडे बघत राहिली. "म्हणजे सांगितलं असतं तर..." ती म्हणाली. सोडवणकर उठून तिच्या खुर्चीशेजारी जाऊन उभी राहिली. मावशीने तिचा हात धरला नाही. कोटाच्या बाहीने स्वतःच डोळे पुसले.

"काय केलं ते मी लिहून देते, साहेब," ती म्हणाली. "माझ्या नावानिशी. उद्या नाही, आत्ता."

संचालकांनी मान हलवली. बाहेर गाड्यांची दारं वाजली. मंत्रालयाची माणसं आली होती. संचालकांनी शिफारशीचा कागद ओढला आणि 'नव्वद' हा शब्द दोनदा खोडला. पेन हातात तसंच धरून त्यांनी विचारलं, "मग चाळीस लिहायचं?"

"चाळीसच येतात," मास्तर म्हणाले.

"नको," मावशी म्हणाली. तिचा आवाज घोगरा होता, पण आता ठाम होता. "तीस लिहा. घरात कोणी आजारी पडतं, कोणाची बहीण येते, कोणी नुसतंच दमतं. माणसं विसरतात, साहेब. दहा दिवस त्यांना विसरायला ठेवा."

संचालकांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर छताकडे बघत होते. हरकत नसली की ते असेच बघत. मग संचालकांनी पेन सोडवणकरपुढे केलं. "तुम्हीच लिहा, ताई. खाली नाव तुमच्या आईचं आहे."

सोडवणकर बसली. तिने आईच्या नावाच्या वरच्या ओळीत, सुवाच्य अक्षरात 'तीस' लिहिलं.